पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह : चांगलं कोणतं, वाईट कोणतं?

पत्रिका जुळली, मुलामुलीची पसंती झाली, साखरपुड्याची तारीखही ठरत आली. मग कुणीतरी रक्तगटाचा कागद मागितला आणि मुलीचा गट निघाला 'ए निगेटिव्ह'. झालं! मुलाच्या आत्याबाई लगेच म्हणाल्या, "निगेटिव्ह? म्हणजे मुलीत काही कमी आहे का हो?" असा प्रकार तुमच्या पाहण्यात किंवा निदान ऐकण्यात तरी आलाच असेल. आणि गंमत अशी, की त्याच घरात आजोबांच्या थुंकीचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला की देवापुढे साखर ठेवतात!

मग निगेटिव्ह चांगलं की वाईट? पॉझिटिव्ह ऐकल्यावर हसायचं की घाबरायचं? हे दोन शब्द आता इंग्रजी राहिलेच नाहीत. भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते आहेत. २०२० साली करोना आला तेव्हा तर 'पॉझिटिव्ह' हा शब्द नुसता कानावर पडला तरी वाड्यातली दारं पटापट बंद होत होती. पण शब्द ओळखीचा झाला म्हणजे त्याचा अर्थ कळला असं होत नाही. आणि हल्ली रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी आपल्याच मोबाइलवर येऊन पडतो. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तो उघडायचा, जाड अक्षरातला एकच शब्द वाचायचा आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, हे घरोघर चाललेलं आहे. म्हणून आज या जोडगोळीचीच उलटतपासणी करू या.

एक शब्द, अनेक घरं

टॉर्चचा सेल हातात घ्या. टोकाला बारीक बोंड असतं ती बाजू पॉझिटिव्ह, सपाट बूड असतं ती निगेटिव्ह. त्यातली कुठली चांगली? दोन्ही हव्यात, नाही तर दिवा लागायचा नाही. विजेला ही नावं बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १७४७ च्या सुमाराला दिली. ती केवळ ओळखीसाठी, जशी आपण डावा आणि उजवा म्हणतो तशी.

जुन्या फोटोंच्या पाकिटात निगेटिव्ह असायची. तीत काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसे. हा शब्द जॉन हर्शेल यांनी १८४० मध्ये फोटोच्या शास्त्रात आणला. पुष्कळ घरांत लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला तरी निगेटिव्ह जपून ठेवली म्हणून पुन्हा फोटो काढून घेता आले. तेव्हा इथे निगेटिव्ह म्हणजे तर मूळ ठेवा!

मुलांच्या स्पर्धा परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात, ते निगेटिव्ह मार्किंग. सिनेमातला खलनायक करतो ती निगेटिव्ह भूमिका. आणि स्वभाव 'पॉझिटिव्ह ठेवा' हा उपदेश तर आता सकाळच्या चहाबरोबरच मोबाइलवर येतो. नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकन धर्मोपदेशकाचं त्या विषयावरचं पुस्तक १९५२ मध्ये निघालं आणि खूप गाजलं. तेव्हापासून पॉझिटिव्ह म्हणजे आशावादी, उत्साही, चांगलं असा समज अधिकच पक्का झाला.

आपल्याकडेही गणितात या अर्थाची जोडी फार जुनी आहे, धन आणि ऋण. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या संख्यांचे नियम दिलेले आहेत. धन म्हणजे जवळचा पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज. आता कर्ज कुणाला आवडेल? त्यामुळे ऋण म्हटलं की आपल्या मनाला ते उणंच वाटतं.

खरी गफलत इथेच होते. स्वभावातला आणि हिशेबातला अर्थ आपण उचलतो आणि तोच डॉक्टरांच्या कागदाला लावतो.

डॉक्टरांच्या कागदावर

डॉक्टर जी तपासणी सांगतात तो एक प्रश्न असतो. जंतू आहेत का? गर्भ राहिला आहे का? अमुक पदार्थ रक्तात आहे का? पॉझिटिव्ह म्हणजे 'होय, सापडलं' आणि निगेटिव्ह म्हणजे 'नाही, सापडलं नाही'. बस, एवढंच! त्यात शाबासकी नाही आणि दोषही नाही. चांगलं की वाईट हे प्रश्न काय होता त्यावर ठरतं.

भाताला शीत दाबून विचारलं, "शिजला का?" तर 'होय' हे उत्तर चांगलं. दुधाला विचारलं, "नासलं का?" तर 'होय' हे उत्तर वाईट. 'होय' हा शब्द तोच, प्रश्न वेगळा. रिपोर्ट वाचतानाही अगदी असंच करायचं. आधी वरच्या ओळीतलं तपासणीचं नाव वाचायचं, मग खालचा शब्द.

लग्नाला चार वर्षं झालेल्या आणि मुलाची वाट पाहणाऱ्या मुलीच्या हातातली पट्टी पॉझिटिव्ह आली तर घरात आनंदीआनंद. पण ही पट्टीसुद्धा नीट वाचावी. ती लघवीतलं गर्भाचं संप्रेरक शोधते. पाळी चुकल्याबरोबर घाईनं तपासलं तर ते संप्रेरक अजून थोडं असतं आणि उत्तर निगेटिव्ह येऊ शकतं. अशा वेळी पाळी आलीच नाही तर साधारण आठवड्यानं, सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा तपासावं. आणि पॉझिटिव्ह आली तरी गर्भ कुठे आहे हे पट्टी सांगत नाही. तो क्वचित गर्भाशयाऐवजी नळीत राहतो. पॉझिटिव्ह पट्टीनंतर ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखणं, चक्कर, अंगावर जाणं असं काही झालं तर 'होतं असं सुरुवातीला' म्हणून घरी बसू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा. जिवाशी खेळ आहे तो.

रक्तगटातलं निगेटिव्ह

आता त्या आत्याबाईंकडे वळू. ए, बी, ओ हे रक्तगट कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नामध्ये १९०१ साली दाखवून दिले. पुढे १९४० मध्ये त्यांनी आणि वीनर यांनी आणखी एक घटक शोधला. या शोधात ऱ्हीसस जातीच्या, म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या लाल तोंडाच्या माकडांचं रक्त वापरलं होतं, म्हणून त्याचं नाव आर. एच. पडलं. तांबड्या रक्तपेशींवर हा घटक असला तर गट पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरातल्या साधारण पाच जणांचा गट निगेटिव्ह असतो, युरोपात साधारण पंधरा जणांचा. हा आजार नाही, अशक्तपणा नाही, खोट तर मुळीच नाही. डोळे घारे असावेत तसं ते जन्मजात आहे. या कारणावरून स्थळ मोडणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा.

पण एक काळजी मात्र घ्यावी लागते, आणि ती न लपवता घ्यावी. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणाच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला तो घटक परका वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध पहारेकरी तयार करतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं. पण पुढच्या खेपेला हेच पहारेकरी वारेतून जाऊन पोटातल्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी मोडतात. बाळाला रक्तक्षय होतो, जबर कावीळ होते, कधी बाळ पोटातच दगावतं. पूर्वी 'पहिलं जगलं, मग एकही जगलं नाही' अशा ज्या कहाण्या ऐकायला मिळत, त्यांतल्या काहींमागे हेच असलं पाहिजे. दोष मात्र त्या बाईच्या नशिबाला नाही तर पायगुणाला दिला जाई.

यावर १९६८ पासून इंजेक्शन मिळू लागलं आहे. त्याचं नाव अँटी-डी. गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला एकदा आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा, असं ते देतात. गर्भपात झाला, करून घेतला, गरोदरपणात अंगावर गेलं किंवा पोटाला मार बसला, तरीही ते लागतं का हे डॉक्टरांना लगेच विचारायचं. गर्भपाताची गोष्ट पुष्कळ घरांत दडपून ठेवतात आणि हे इंजेक्शन तिथेच राहून जातं. पहारेकरी एकदा तयार झाले की मग त्याचा उपयोग होत नाही. नवरा-बायको दोघंही निगेटिव्ह असतील तर बाळही निगेटिव्हच असतं आणि हा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तपासण्या सासरच्या गावी झालेल्या, कागद तिथल्याच कपाटात, आणि लेक सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे. इंजेक्शन दिलं होतं का, हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा ओटीभरणाच्या साडीबरोबर तपासणीची फाइलही तिच्या पिशवीत घाला. साडी एक वेळ विसरली तरी चालेल, पण फाइल विसरू नका!

याच फाइलीत 'इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट' असं एक नाव दिसेल. ते पहारेकरी तयार झाले आहेत का, हे ती तपासणी विचारते. इथे निगेटिव्ह आलं तर आनंद माना. म्हणजे बघा, एकाच बाईच्या एकाच फाइलीत दोनदा निगेटिव्ह आणि दोन्हींचा अर्थ अगदी निराळा!

अक्षराचा फरक, आकाशपाताळाचं अंतर

यकृताला सूज आणणाऱ्या बी प्रकारच्या काविळीचं उदाहरण घ्या. 'एचबीएसएजी' पॉझिटिव्ह म्हणजे तो विषाणू शरीरात आहे. गरोदर बाईच्या बाबतीत हे आधी कळलं तर बाळाला वाचवता येतं. जन्मल्यापासून २४ तासांत लस आणि सोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं जातं. म्हणून ही तपासणी टाळायची नाही. आणि 'अँटी-एचबीएस' पॉझिटिव्ह म्हणजे? त्या काविळीपासून संरक्षण आहे, लस लागू पडली! नावं दिसायला सख्ख्या बहिणींसारखी, पण एक काळजीची आणि एक दिलाशाची.

गोवराच्या धाकट्या भावाचं, म्हणजे रुबेलाचंही तेच. त्यातलं 'आयजीजी' पॉझिटिव्ह याचा अर्थ बहुधा एवढाच की तो आजार पूर्वी कधी होऊन गेला आहे किंवा लस घेतलेली आहे, आणि आता शरीर सावध आहे.

गाठ, आणि तिचा कागद

छातीत गाठ लागली, तिचा तुकडा तपासायला दिला आणि उत्तर आलं, 'कर्करोगासाठी निगेटिव्ह'. म्हणजे त्या तुकड्यात कर्करोग सापडला नाही. तरी गाठ वाढत असेल तर पुन्हा दाखवायचंच. गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी केली तरी 'निगेटिव्ह' हाच शब्द हवा असतो.

त्याच जागी एचपीव्ही या विषाणूची तपासणी करतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असं नाही. विषाणू आहे, लक्ष ठेवायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ बायकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. तो कधी आला हे तपासणीवरून सांगता येत नाही, कित्येक वर्षं तो गुपचूप राहू शकतो. तेव्हा या कागदावरून नवऱ्यानं बायकोवर किंवा बायकोनं नवऱ्यावर संशय घेऊन संसारात विष कालवू नये.

समजा, स्तनाचा कर्करोग निघालाच. मग पुन्हा तीन शब्द येतात. 'ईआर', 'पीआर' आणि 'हर-टू'. पहिले दोन पॉझिटिव्ह असले तर ती गाठ स्त्रीसंप्रेरकावर पोसली जाते, आणि म्हणून संप्रेरक अडवणारी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी तिच्यावर चालते. हर-टू पॉझिटिव्ह असली तर तिच्यासाठी नेमकं वेगळं औषध आहे. तिन्ही निगेटिव्ह असली तर या औषधांचा उपयोग नसतो, दुसरे उपचार करावे लागतात. म्हणजे इथे 'तिन्ही निगेटिव्ह' ऐकून सुटकेचा निःश्वास टाकणारे घरचे लोक चुकतात, आणि 'पॉझिटिव्ह' ऐकून धीर सोडणारेही चुकतात. शस्त्रक्रियेनंतरच्या कागदावर मात्र काखेतल्या गाठी निगेटिव्ह आणि कापलेल्या भागाच्या कडा निगेटिव्ह, हे ऐकायला आपण उत्सुक असावं.

नाही म्हणजे नाहीच का?

आणखी एक बारकावा आहे. 'सापडलं नाही' आणि 'नाहीच आहे' यांत फरक असतो. तांदळात खडा दिसला नाही म्हणून दाताखाली येत नाही असं थोडंच आहे? एचआयव्हीची लागण झाल्यावर रक्तात ती दिसायला काही आठवडे लागतात. संशयाची घटना घडून फार दिवस झाले नसतील तर निगेटिव्ह आल्यावरही डॉक्टर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. थुंकी निगेटिव्ह आली तरी खोकला, ताप, वजन घटणं चालूच असेल तर क्षयाची पुढची तपासणी करावी लागते.

उलट बाजूनंही तसंच. एक पॉझिटिव्ह म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. आपल्या सरकारी पद्धतीत एचआयव्ही आहे असं सांगण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या तपासण्या करतात. हातावर टोचून बघतात ती माँटू तपासणी पॉझिटिव्ह आली तर क्षयाच्या जंतूंशी शरीराची कधीतरी गाठ पडली आहे एवढंच कळतं. पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती टीएमटी बायकांमध्ये दोष नसतानाही पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. म्हणून त्यानंतर पुढची तपासणी करतात. मात्र बायकांच्या छातीतलं दुखणं 'पित्त असेल' म्हणून सोडूनही देऊ नये.

मग करायचं काय?

घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एक फाइल करा. वाणसामानाची यादी लिहितो तशा सवयीनं पहिल्या पानावर रक्तगट, औषधांची वावडी आणि झालेल्या शस्त्रक्रिया लिहून ठेवा.

तपासणी सांगितली की डॉक्टरांना तिथेच विचारा, "ही कशासाठी? यात काय आलेलं चांगलं?" ते उत्तर कागदाच्या पाठीवर मराठीत लिहून घ्या. रिपोर्ट आल्यावर तुम्हाला रात्र जागून काढावी लागणार नाही. गर्दीच्या दवाखान्यात विचारायला संकोच वाटतो, मान्य आहे. पण भाजी घेताना चार प्रश्न विचारणाऱ्या आपण, जिवाच्या गोष्टीत का गप्प बसायचं?

रिपोर्ट मोबाइलवर आला तर तो आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. नणंदेचं, जावेचं किंवा सुनेचं दुखणं हा चर्चेचा विषय नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे. त्या माणसाच्या संमतीवाचून ही गोष्ट इतरांना सांगायला आणि त्यावरून नोकरीत, शिक्षणात किंवा उपचारात भेदभाव करायला त्यात मनाई आहे.

आणि घरातल्या कुणी "माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला" असं सांगितलं, तर तोंड पाडण्यापूर्वी किंवा पेढे आणण्यापूर्वी एकच विचारा, "कशाचा गं?" पॉझिटिव्ह ही शाबासकी नाही आणि निगेटिव्ह ही शिवी नाही. दोन्ही नुसती उत्तरं आहेत, आणि प्रश्न माहीत असल्याखेरीज उत्तराचा अर्थ लागत नाही. स्वयंपाकघरात वासावरून फोडणी ओळखणाऱ्या तुम्हा मैत्रिणींना एवढं काही अवघड नाही!